चाळीस नंबरची ट्यूब

"ऑपरेशन थिएटरमधून तिसरा फोन आला," लॅबचे प्रमुख सर दारातूनच म्हणाले. "देऊन टाका तो रिपोर्ट. मुलगी सकाळपासून उपाशी आहे."

रक्त गोठण्याच्या तपासण्या करणाऱ्या टेक्निशियन बाईंनी मान वर केली नाही. स्क्रीनवर आकडा होता अठ्ठावन्न. सहा वर्षांची पोर, टॉन्सिलचं ऑपरेशन, रक्त गोठवणारा घटक, फॅक्टर आठ, अठ्ठावन्न टक्के. पन्नासच्या वर म्हणजे नॉर्मल. हरकत घ्यावी असं त्यात काही नव्हतं. फक्त खिडकीशी पोरीची आई बोलून गेली होती, "माझ्या भावाचं रक्त लवकर थांबत नाही हो," आणि ते वाक्य बाईंच्या डोक्यातून जाईना.

"कमीचा कंट्रोल लावलेला नाही, सर."

"नॉर्मलचा लावलाय ना? पास झालाय ना?"

"म्हणजे मशीन नॉर्मलला नॉर्मल म्हणतंय. कमीला कमी म्हणतंय का, ते कुणी पाहिलंय?"

ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक असतं आणि ज्यांच्यावर मशीनची परीक्षा घ्यायची, ते कमी फॅक्टरचे कंट्रोल नमुने चार दिवसांपूर्वीच संपले होते. कंपनी नवे सोमवारी पाठवणार होती. लॅबमध्ये एकच उरला होता, आणि तो कंपनीचा नव्हता.

"तो नको," सर आवाज खाली आणून म्हणाले. "शेवटचा आहे तुमच्याकडे."

तो बाईंच्या धाकट्या भावाचा होता. त्याचा फॅक्टर आठ जन्मापासून बारा टक्के. "आपले तर जन्मतःच बारा वाजलेत," असं सगळ्यांना सांगत हिंडायचा. लॅबला नेमक्या आकड्याचा नमुना हवा होता, तर यानं हौसेनं रक्त दिलं. चाळीस ट्यूब भरल्या. लेबलंही स्वतःच लिहीत बसला. पुढं परगावी जिन्यावरून पडला तो शुद्धीवर आलाच नाही. तिथल्या लॅबनं नॉर्मल म्हणून रिपोर्ट दिला आणि डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला. त्याला दोन वर्षं झाली. एकोणचाळीस ट्यूब कामात गेल्या. चाळिसावी बाईंनी डीप फ्रीजरच्या तळाशी ठेवून दिली होती. कधीतरी दार उघडून नुसत्या बघायच्या. वेडेपणा होता, पण होता.

एकदा वितळलेली ट्यूब पुन्हा गोठवून चालत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ती काढली आणि पाच मिनिटं कोमट पाण्यात धरली.

वीस मिनिटांनी मशीननं आकडा दिला. चौतीस.

"खोटं बोलतंय," बाई म्हणाल्या. "हा बाराच आहे."

काल उघडलेली रसायनाची बाटली त्यांनी काढून टाकली, दुसरी जोडली. ट्यूबमध्ये तळाला राहिलेलं सगळं ओढून घेतलं. या वेळी भाऊ बारावर आला. मग पोरीचा नमुना पुन्हा लावला. एकवीस.

सरांनी थिएटरला फोन केला. "आज तिला हात लावू नका," एवढंच म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला. खिडकीबाहेर पोरगी भूक भूक करत होती. आईनं बिस्किटाचा पुडा फोडून तिच्या हातात दिला.

रजिस्टरमध्ये ट्यूबचा नंबर लिहायचा राहिला होता. बाईंनी रिकाम्या ट्यूबवरचं पाणी पुसलं. इतके दिवस बर्फाखाली असलेलं भावाचं बारीक अक्षर वर आलं.

"४०. ताई, संपलो मी. आता दुसरा भाऊ बघ."

"चावट कुठला," बाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या. दोन वर्षांनी त्याचं एक नवं वाक्य त्यांना मिळालं होतं. मग हसता हसताच त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू आवरेना.

शेऱ्याच्या रकान्यात 'नमुना संपला' एवढंच लिहायचं होतं. ते सरांनी लिहिलं.