हौसाबाईला आठवतंय

बसा, एक मजा सांगतो. रंगनाथ मिस्त्रीच्या बायकोची, हौसाबाईची, गेलेली आठवण दवाखान्यातलं मशीन परत जुळवतंय. काम तीन दिवसांचं. मधेच बंद केलं तर सगळं कायमचं गेलं. आणि रंगनाथ पडला पंप दुरुस्त करणारा. काही अडलं की बंद करून चालू करायचं, एवढीच त्याची विद्या. मशीनचा पडदा जरा गप्प राहिला की ह्याचा हात बटणाकडं.

“मिस्त्री, हात मागं घ्या,” शबाना सिस्टर म्हणाली. “नवीन मशीन आहे. काय काय आठवलं ते काम करता करता सांगतंय.”

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: ‘बघायला आलेल्या पोराच्या शर्टावर ग्रीस होतं.’

“ग्रीस कुठलं? ऑइल होतं ते,” रंगनाथ पुटपुटला, आणि डोळे पुसत हात मांडीखाली दाबून बसला.

तर मंडळी, आता जरा हळू बोला. हौसाबाई लग्नात नाव घ्यायला उभी राहिलीय.