अकरावा अंक

क्लिप सुटली आणि सोळाच्या सोळा पानं फरशीवर पसरली. वरून पंख्यानेही आपली हौस भागवून घेतली. झेरॉक्सच्या दुकानातली ताई रिकामी क्लिप हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मग वाकून पानं गोळा केली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की एकाही पानावर नंबर नाही.

दुसरं कुणी असतं तर वाचून लावली असती. पण ताई सहा वर्षं या मशिनपाशी उभी होती, आणि मालकीणबाईंचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक होता, कागद बघायचा, वाचायचा नाही. लोक मृत्युपत्रं आणतात, तपासण्यांचे रिपोर्ट आणतात, घटस्फोटाचे अर्ज आणतात. आपण कशाला नाक खुपसायचं? ताईला पान म्हणजे काळं किती आणि पांढरं किती, एवढंच दिसायचं.

छोटी गेल्यापासून तर सगळंच तसं झालं होतं. पाच वर्षांची पोर तीन दिवसांच्या तापाने गेली, त्याला पावणेदोन वर्षं झाली. ताई रडायची तेवढी रडली आणि मग आतून बधिर झाली. जेवायची, झोपायची, कामावर यायची.

नवऱ्याचं तर बोलायलाच नको. तो रडलासुद्धा नाही. ऑफिसातून उशिरा यायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि कसल्या कसल्या कॅसेट ऐकत बसायचा. पोरीचं नाव त्याने पुन्हा तोंडातून काढलं नाही. याला काही वाटलंच नाही, असं ताईने मनाशी धरलं. परवा तिने सांगून टाकलं, "रविवारी मी बहिणीकडे जातेय. परत यायचं काही ठरवलेलं नाही." तो नुसता "बरं" म्हणाला. अर्धी बॅग भरूनही झाली होती.

पानं गाण्यांच्या दुकानातला दाढीवाला सकाळी देऊन गेला होता. त्याच्याकडे बाजारात कुठे न मिळणारी गाणी मिळायची. कुणीतरी घरातच रेकॉर्ड केलेली, पन्नास-शंभर कॅसेट काढून वाटलेली. त्या कॅसेटसोबत तो ही टाइप केलेली पुस्तिका फुकट द्यायचा. दर महिन्याला चाळीस प्रती. आजचा अकरावा अंक. कोण लिहितं, असं ताईने एकदा सहज विचारलं होतं.

"नाव सांगू नका म्हणतो," दाढीवाला म्हणाला होता. "पण हट्ट एकच, झेरॉक्स ताईंकडेच काढायची. माझ्या दुकानाला लागूनच मशिन आहे म्हटलं, तरी ऐकत नाही."

आपल्या प्रती स्वच्छ निघतात म्हणून असेल, असं ताईला वाटलं होतं.

दाढीवाला पाचला प्रती न्यायला येणार होता. त्याचा फोन नंबर नव्हता. मालकीणबाई जेवायला गेल्या होत्या. ताई स्टुलावर बसली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा कागद वाचायला घेतला.

आधी ती नुसती तुटलेली वाक्यं जुळवत होती. एका पानावर लिफ्टच्या कुरकुरीवर गाणी रचणाऱ्या दोन भावांबद्दल होतं. एका पानावर रिकाम्या जिन्यात बसून गाणाऱ्या नर्सची कॅसेट होती, तिच्या साठच प्रती निघालेल्या. लोकांना काय एकेक उद्योग असतात, ताईच्या मनात आलं. आठ पानं लागली, दहा लागली. मग एक पान आलं, ते गाण्याचं नव्हतंच.

'आमच्या घरात नळ अजून बारीक सोडतात. धो धो पाण्याच्या आवाजाला घाबरणारं आता घरात कुणी नाही. तरी बायको रोज सकाळी नळ बारीक सोडते आणि बादली भरेपर्यंत शेजारी उभी राहते. ती नसते तेव्हा मीही तसंच करतो. तेवढ्या हळू आवाजाचं गाणं मला अजून कुठल्याच कॅसेटवर सापडलेलं नाही. शोधतोय.'

ताईने ते पान दोनदा वाचलं. पुढचं पान कुठलं ते शोधायचं होतं, पण अक्षरं डोळ्यांपुढे ठरेनात. छातीत काहीतरी दुखायला लागलं. बधिर झाल्यापासून पहिल्यांदा दुखत होतं, आणि त्याचं तिला बरं वाटलं.

पाच वाजता दाढीवाला चाळीस प्रती मोजून घेऊन गेला. त्याच्यामागून ताईही निघाली. एकेचाळिसावी प्रत तिच्या पर्समध्ये होती.

आज नवरा तिच्याआधी घरी आला होता. स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून चहाचा कप धूत होता. हेडफोन गळ्यात होता. दार उघडल्याचं त्याला कळलं नाही. ताई उंबऱ्यातच थांबली. नळाची धार दोऱ्याएवढी होती. साधा कप, पण त्या धारेखाली धुवायला त्याला किती वेळ लागत होता.

ती पुढे गेली आणि पुस्तिका ओट्यावर ठेवली. त्याने बघितलं. नळ बंद केला.

"पानांना नंबर का नाही घालत?" तिने विचारलं.

त्याने ओले हात शर्टाला पुसले.

"तू वाचत नाहीस, माहीत होतं," तो म्हणाला. "म्हटलं, कधीतरी तुझ्या हातून पडतील."