भिंतीकडची खुर्ची

दलेंदा जिना चढून वर आली तेव्हा तिची खुर्ची आधीच भिंतीकडे वळवून ठेवलेली होती. औषधांच्या दुकानातल्या रफीकाने तिचा हात धरून खुर्चीच्या पाठीवर टेकवला आणि मोठ्या बाईला इथे घालतात ती आदराची हाक घालून म्हणाली, "लल्ला, बसा." इतक्या वर्षांत खुर्ची दलेंदाने स्वतःच ओढली होती. नात झाल्याचं कौतुक असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

सफाक्स शहराच्या जुन्या कोटाच्या आत, कॉफीच्या दुकानावरची ही खोली रविवारी सकाळी त्या चौघांची असे. चौघंही अजून फिल्मवर फोटो काढणारे. ज्याचा फोटो टेबलावर, त्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ब्र काढायचा नाही. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की माणूस भांडायला उठतो, हा लमजदचा शोध. तो निवृत्त दंतवैद्य. दात उपटावा तसा फोटोतला दोष उपटून हातात द्यायचा. दलेंदाने काढलेल्या तिच्याच मुलीच्या लग्नाच्या फोटोला तो म्हणाला होता, "नवरी छान आहे. फोटो मात्र झुंबराचा आहे." ती कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. पण त्यानंतर तिने कधी चुकूनही झुंबराचा फोटो काढला नाही.

आज तिला तसंच काहीतरी ऐकायचं होतं.

उजवा डोळा हिवाळ्यातच गेला होता. आता डाव्यातही जिथे बघावं नेमका तिथेच डाग. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. इथे मात्र तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. तिने आपली एक युक्ती काढली होती. दोरीला गाठी मारल्या, भिंगाच्या कड्यावर नखाला लागतील अशा खाचा पाडल्या. दोरी कॅमेऱ्यापासून झोपलेल्या नातीच्या डोळ्यांपर्यंत ताणायची, गाठी बोटांनी मोजायच्या, तितक्या क्रमांकाच्या खाचेवर कडं आणायचं. फोकस पापण्यांवर पडला की नाही, हे तिला दिसणार नव्हतं. ते या तिघांनी सांगायचं. वीतभर मागे पडला म्हणाले, तर पुढच्या वेळी गाठ वीतभर पुढे. चूक दाखवणारी माणसं आहेत तोवर आपलं काम चालेल, असा तिचा हिशोब होता.

तिने पाकिटातून फोटो काढून मागे न बघता टेबलावर ठेवला. बाळाच्या नावाने केलेलं झरीरही वाट्यांत भरून आणलं होतं. तीळ, बदाम, मध. वाट्या वाटल्या गेल्या. मग ती भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

लमजदकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते. ते फोटोवर सरकवून तो कुठे कापायला हवं ते दाखवायचा. पुठ्ठा कागदावर घासल्याचा तो आवाज आला की भिंतीकडच्याला कळायचं, काहीतरी कापलं जाणार. दलेंदा त्या आवाजाची वाट बघत होती. चमचे वाजले. खाली रस्त्यावर मासळीवाला ओरडत गेला. पुठ्ठा काही हलला नाही.

"उजेड किती मऊ आलाय," रफीका म्हणाली. "आणि उशीवरचं भरतकाम, लल्ला, टाकान् टाका मोजून घ्यावा."

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मुन्सिफनेही उशीचंच कौतुक केलं. असं भरतकाम हल्ली बघायला मिळत नाही, आईच्या हातचं का, असं काहीसं तो बोलत राहिला, आणि मग बोलता बोलता थांबला.

उशी बाळाच्या डोक्यामागे होती.

नियम मोडून दलेंदाने भिंतीलाच विचारलं, "लमजद, पापण्या कशा आल्यात?"

वाटीत चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"छान आल्यात," लमजद म्हणाला.

"कुठे कापशील?"

"कुठेच नाही. आहे तसाच राहू दे."

तिने मान हलवली. दोन्ही हात मांडीवर घेतले. मागे कुणीतरी वाटी खरवडली आणि लमजदचा नेहमीचा, सुटका झाल्यासारखा आवाज आला, "झरीरमध्ये मध मात्र जास्त पडलाय बाई तुझा. दाताला चिकटतंय."

खुर्च्या बदलल्या. आता मुन्सिफ भिंतीकडे गेला आणि त्याचा फोटो टेबलावर आला. शहराबाहेरची मिठागरं होती म्हणे, रोहित पक्ष्यांचा थवा उतरताना. खोलीत एकदम जीव आला. लमजद म्हणाला, समुद्र उजवीकडे सांडतोय, खाली बादली ठेव. रफीका म्हणाली, अर्ध्या पक्ष्यांचे पाय कापलेत, त्यांनी उभं कशावर राहायचं? मुन्सिफची पाठ हसून हलली. पुठ्ठे कागदावर घासले, पुन्हा घासले. दलेंदा तो आवाज ऐकत होती.

मग सगळे थांबले. कलतं क्षितिज आजवर तीच आधी पकडायची, केसाएवढं कललेलं असलं तरी. रफीकाने फोटो हळूच तिच्यापुढे सरकवला. दलेंदाने मान थोडी तिरपी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. कागदाच्या चार कडा होत्या. आत राखाडी काहीतरी होतं. तिने एका कडेवरून अंगठा फिरवला.

"छान आहे," ती म्हणाली. "फार छान आहे, मुन्सिफ."

लमजदने पुठ्ठे एकावर एक ठेवले. सगळ्यांचं बोलून झालं होतं. आता मुन्सिफने इकडे वळायला हरकत नव्हती. पण तो भिंतीकडे तोंड करून तसाच बसून राहिला.