माज्या मागनंच ये

येडू तिसऱ्यांदा वाकला. खांद्यापर्यंत हात चिखलात घातला, तळाशी काहीतरी चाचपलं आणि मुठीत आलेलं ते कमरेला बांधलेल्या टॉवेलात कोंबलं. शहाजी बघतोय हे लक्षात आल्यावर त्यानं टॉवेलाची गाठ आवळली.

"काय रे ते?" शहाजीनं विचारलं.

"काय न्हाय. तू माज्या मागनंच ये. मी पाय ठेवतो तितंच ठेव."

कुंभारीच्या माळावर शर्यतीसाठी खणलेला तो चर चाळीस-पन्नास पावलांचा असेल. त्यात मांडीपर्यंत चिखल, आणि पलीकडे शेवटची रेघ. टायर झाले होते, जाळीखालून सरपटणं झालं होतं, बांबूची भिंतही झाली होती. तिघांची टीम, आणि तिसरा गडी रेघ ओलांडेल तेव्हाच घड्याळ थांबणार. पहिल्या टीमला धावायच्या बुटांचे तीन जोड मिळणार होते. रामहरी केव्हाच पलीकडे पोचला होता आणि कमरेवर हात ठेवून ओरडत होता, "चला की लेकांनो! म्हशीगत काय बसलाय चिखलात?"

शहाजीला बुटांपेक्षा पायांची काळजी होती. आठ दिवसांवर पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. त्याची वयोमर्यादा यंदा संपत होती, म्हणजे ही शेवटचीच भरती. होते ते बूट मैदानीसाठी राखून तिघंही आज अनवाणी पळत होते. ही अक्कलही येडूचीच.

येडूचा आणि त्याचा प्रवर्ग एक. पळण्यात शहाजी पुढे, गोळाफेकीत येडू. सरावाचे गुण काढले की एखाद-दुसऱ्याचा फरक. सहा महिने दोघं एका खोलीत राहत होते, एका ताटात जेवत होते, आणि जागा किती हा विषय दोघंही काढत नव्हते. तरी गेले तीन दिवस येडू एकच धोशा लावून बसला होता, 'शहाज्या, नाव दे की, बूट मिळत्यात.' ज्याला चार शब्द बोलायचं जिवावर येतं, तो माणूस एवढा कशासाठी बोलला? हे शहाजीला आत्ता सुचलं, चिखलात निम्मं रुतल्यावर. आणि सुचलं ते डोक्यातून जाईना.

तो मुद्दाम दोन हात डावीकडे सरकला. येडूही सरकून त्याच्या पुढ्यात आला. तो उजवीकडे गेला. येडूही उजवीकडे.

"वाट अडवतोस व्हय रे?"

"मागनं ये म्हटलं की," येडू म्हणाला. बोलताना तो शहाजीकडे बघत नव्हता, चिखलाकडे बघत होता.

नुसता घोटा मुरगळला तरी पुरे, शहाजीच्या मनात आलं. कुणाला काय कळणार? चिखलात पाय घसरला म्हणतील, आणि हाच येडू मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेईल.

रेघ दहा पावलांवर आली तेव्हा येडू एकदम थांबला. "थांब. हितं टेकू नको," म्हणाला आणि चौथ्यांदा वाकला. शहाजी थांबला नाही. त्याला बगल देऊन त्यानं पाय टाकला, तोच चिखलाखाली त्याच्या घोट्याला बोटं लागली.

"सोड! पाय सोड!"

बोटं सुटेनात. ती त्याचा पाय बाजूला लोटत होती. शहाजीनं होतं नव्हतं ते बळ एकवटून टाच खाली हाणली. टाचेखाली काहीतरी मऊ दबलं. येडू कण्हला आणि बोटं सुटली. शहाजी मागं न बघता रेघेपार गेला. घोटा फिरवून पाहिला, तो शाबूत होता. आपण वेळीच ओळखलं याचं त्याला समाधान वाटलं.

येडू सावकाश आला. रेघ ओलांडली, घड्याळ थांबलं, माईकवरचा माणूस पहिला नंबर म्हणून ओरडला. येडूनं खाली बसून डाव्या हातानं टॉवेल सोडला. जमिनीवर फुटक्या बाटलीच्या काचा पडल्या. तीन मोठ्या काचा, आणि वर दाते असलेलं एक आख्खं बूड.

"खाली काचाच काचा की," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर जाग्यावरच थांबला असतास. बूट गेलं असतं."

"तुला रे कसं कळलं?" रामहरीनं विचारलं.

"मेंढरं धुवायला पाण्यात घालायच्या आदी आमच्यात माणूस उतरतो. पायानं तळ बघतो." येडूनं रिकामा टॉवेल दुसऱ्या हाताला गुंडाळायला घेतला. चिखलातून रक्त वर येत होतं.

"अरारा! लई लागलं का रं?" म्हणत रामहरी पाणी आणायला टँकरकडे पळाला.

शहाजीच्या तोंडून मात्र वेगळंच निघालं.

"उजवा का?"

"व्हय, गोळ्याचाच," येडू हसला. "आठ दिसांत भरतंय की. तू तुजा पाय दाव आदी."

शहाजीला हायसं वाटलं. पापणी लवायच्या आतलं, पण वाटलं. आणि ते आपल्याला वाटलं हे कळताच त्याला स्वतःची शिसारी आली.

रामहरी टँकरचा पाइप ओढत घेऊन आला. येडूनं डाव्या हातानं पाइप घेतला आणि आधी शहाजीकडे धरला.

"तोंड धू की. वळखू येईना झालंय."

"राहू दे," शहाजी म्हणाला, आणि चिखलाचा हात पुन्हा एकदा तोंडावरून फिरवला.