दोन निळ्या काचा

द्रौपदाबाईने एक डोळा मिटला आणि दुसरा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावला. आधी नुसता धूर दिसला. सुगंधाने बाजूचं चाक जरासं फिरवलं, आणि धुरातून निळं पाणी वर आलं. त्या निळ्यात बारीक लाल काड्या होत्या. काही सुट्या, बाकीच्या एकमेकींना चिकटून, पऱ्हाटीची मोळी बांधावी तशा.

"हाई काय शे?"

"तुझे महारोगाचे जंतू, माय. अठ्ठ्याऐंशी साली नव्या गोळ्या सुरू केल्या, तेव्हा तुझ्या कानाच्या पाळीतून घेतलेले. काच मी जपून ठेवली."

द्रौपदाबाई जागची हलेना. यांनीच तिची बोटं वाकवली होती, भुवया झडवल्या होत्या. नाल्यापलीकडच्या झोपडीत पडल्या पडल्या तिने त्यांची किती रूपं कल्पिली होती. दातांची, नखांची. इथे तर काड्या निळ्या पाण्यात शांत झोपल्या होत्या. बघता बघता तिला वाटलं, आपणही त्या पाण्यात उतरलो आहोत आणि त्यांच्यामधून सावकाश चाललो आहोत.

"यास्ले डोया नहीत?"

"डोळे नाहीत, पाय नाहीत. सगळा जीव एकाच पेशीचा. भोवती भिंत, आणि भिंतीवर मेणाचा थर. त्या मेणामुळे लाल रंग एकदा बसला की आम्लाने धुतला तरी निघत नाही. इतरांचा निघतो." इथे धुळ्याच्या दवाखान्यात शिकाऊ नर्सांना सांगायची तशी सुगंधा सांगत होती, पण आवाज हळू होता. "कोणी गोल असतो, कोणी काडीसारखा, कोणी मळसूत्रासारखा पिळाचा. आकार बघायचा, रंग धरतो का सोडतो ते बघायचं, आणि मग कूळ ठरवायचं. क्षयाचा जंतू यांचाच भाऊबंद."

"म्हंजे त्यास्मा बी जाती शेतस."

"माणसांनी पाडल्या, माय. त्यांना ठाऊकसुद्धा नाही."

द्रौपदाबाई गालात हसली. मग सुगंधाचा खांदा आपल्या खांद्याला लागतोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने अंग चोरून घेतलं. सवयच होती ती. सुगंधा बोबडं बोलत होती तेव्हा द्रौपदाबाईच्या अंगावरचे चट्टे दिसायला लागले. तिला कोणी हाकललं नव्हतं. एका सकाळी तिने लेकीला जावेच्या हवाली केलं आणि आपली वळकटी उचलून नाल्यापलीकडे गेली. पुढे लेक भेटायला यायची ती नाल्याच्या या काठापर्यंत. माय पलीकडून बोलायची. शाळेतली बक्षिसं, नोकरीची ऑर्डर, लग्नाचा शालू, सगळं तिने पाण्यावरून पाहिलं.

सुगंधाने दुसरी काच लावली. "आता ही बघ. ही आजची."

निळं होतं. फक्त निळं. हिवाळ्यात पहाटे गव्हावर आभाळ असतं तसं, कोरं आणि लांबच लांब. द्रौपदाबाई बराच वेळ काडी शोधत राहिली.

"आठे ते काहीच नही."

"नाहीच. बरी झालीस तू. आता माझ्या घरी चल, कायमची. तुझ्या जावयाने, अभिमनने, तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय."

"नही." द्रौपदाबाईने गाठोडं मांडीवर ओढलं. "मी दोंडाईचानी गाडी धरसू, मनी झोपडीमा जासू. तुना घरमा धाकली पोर शे. तुले हाऊ रोग व्हवाले नको म्हनीसन मी घर सोडं. आते तिना जिवासंगे खेळू का?"

सुगंधाने पाकिटातून आणखी एक काच काढली आणि लावली. द्रौपदाबाईने पाहिलं. तसंच निळं, तसंच कोरं.

"हाई बी मनीच?"

"नाही. ही माझी."

नळीवरून डोळा उचलून द्रौपदाबाईने लेकीकडे पाहिलं.

"पाठीवर डाग आला होता," सुगंधा म्हणाली. "सुई टोचली तरी कळत नव्हती. तू घर सोडलंस त्याच्या आधीच शिरला असेल तो. वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. या काचेत जंतू दिसला नाही, पण डाग खरा होता. सहा महिने गोळ्या घेतल्या. डाग गेला."

किती तरी उन्हाळे, किती तरी हिवाळे एका लेकीला वाचवायला ती पलीकडे बसून होती. आणि तो तर कधीचाच अलीकडे येऊन राहिला होता.

दुपार कलली तेव्हा दोघी रिक्षात बसल्या. सुगंधाने रिक्षावाल्याला आपल्या घराचा पत्ता सांगितला. द्रौपदाबाईने ऐकलं आणि गाठोडं पायाशी ठेवलं. वळणावर दोघींचे खांदे एकमेकींना लागले. ते तसेच लागलेले राहिले. बाहेर ऊन, सायकली, हातगाड्या, सगळं पाण्याखालून जावं तसं सावकाश मागे जात होतं.

"तुन्या गोया चालू व्हत्या, तवय पोर केवढी व्हती?" द्रौपदाबाईने विचारलं.

"अंगावर पीत होती."



"मंग ते सहा महिने तिले कोठे ठेयी तू?"

सुगंधाने तिचा वाकड्या बोटांचा हात आपल्या हातात घेतला.

"मनी कुशीमा, माय."