शेऱ्याचा रकाना

मुकुंदरावांची उभी हयात जिल्हा परिषदेच्या नोकरीत गेली, त्यामुळे युरोपची सहलही त्यांनी तक्त्यात बसवली. चार शहरं, एकोणचाळीस स्थळं आणि रिवाजाप्रमाणे शेवटी 'शेरा' असा रिकामा रकाना. "वाच आणि काय वाटतं ते लिही," म्हणत त्यांनी कागद बायकोपुढे सरकवला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं मिशीवरून हात फिरवला.

शैलजाबाईंनी मेथी निवडता निवडता पेन घेतलं. पॅरिसच्या चर्चपुढे लिहिलं, 'चर्च.' रोमच्या चर्चपुढे, 'परत चर्च.' व्हिएन्नाच्या राजवाड्यापुढे, 'खोल्या भरपूर, संडास कुठे?' फ्लॉरेन्सच्या पुतळ्यापुढे नुसतंच, 'अंगावर काही नाही.'

"अगं, चेष्टा काय करतेस! लोक जन्मभर वाट बघतात हे बघायला!" मुकुंदराव तडकले.

"अहो, मी बघणार कधी? काश्मीर काय, केरळ काय, तुम्ही 'चल चल' करत पुढे आणि मी मागे धापा टाकत. आजवर फक्त तुमची पाठ बघितलीय मी."

एवढं बोलून त्यांनी तक्त्याच्या तळाशी चाळिसावी ओळ वाढवली. 'स्थळ: नवरा, समोरून. वेळ: दोन तास. बाक असलेली कुठलीही बाग चालेल.'

मुकुंदराव त्या ओळीकडे बघतच राहिले. मग खिशातलं साहेबी हिरव्या शाईचं पेन काढून त्यांनी शेरा मारला, 'वास्तू जुनी. बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही.'

शैलजाबाईंनी कागद ओढून घेतला आणि त्याखाली आपला शेरा लिहून सहीही ठोकली.

'तरीही मंजूर.'