नुसतं बसायचं

"खेळायचं नाही, नुसतं बसायचं," प्रुइट म्हणाला. "आमचा स्वेटर घालायचा आणि आमच्या बाकावर बसायचं. तुझं गाव देतं त्याच्या चौपट देतो."

पोलादाच्या कारखान्यातून पाळी सुटली तशी त्याने ओंद्रेयला फाटकाशीच गाठलं होतं. प्रुइट नदीपलीकडच्या गावाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मॅनेजर. रविवारी दोन्ही गावांचा सामना होता. ओंद्रेय मध्ये उभा असला की त्यांच्या एकाही गड्याला आजवर पुढे सरकता आलं नव्हतं. भिंत फुटत नाही ना, मग विकत घ्या, असा साहेबांचा सरळ हिशेब.

ओंद्रेयच्या डोळ्यांपुढे झुझाना आली. दोन खोल्यांचं घर आणि त्यात चार परके कामगार भाडेकरू. त्यांचं रांधणं, त्यांचे काजळीने माखलेले सदरे, सगळं तिच्या एकटीच्या माथी. बिचारीचे हात सोड्याने सोलवटले होते. हे पैसे आले, तर हिवाळाभर एकही भाडेकरू ठेवावा लागणार नव्हता.

"बायकोला विचारून सांगतो."

"छे छे, तिला कशाला?" प्रुइट घाईने म्हणाला. "बायकांना यातलं काय कळतं!"

ओंद्रेयने पायातला बूट पाहिला, चिमणीतला धूर पाहिला. मग म्हणाला, "साहेब, मला बसायची सवय नाही."

घरी मात्र तो चकार शब्द बोलला नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

रविवारी चिखलात नदीपलीकडच्यांनी दुपारभर त्याच्यावरच धडका मारल्या. नाक मोडलं, कान फाटला, पण एकही गडी त्याला ओलांडून गेला नाही. शेवटी त्यांच्यातल्या कुणीतरी लांबून चेंडू लाथाडला, तो गोलाच्या खांबांमधून गेला आणि सामना हातचा गेला.

संध्याकाळी झुझाना कोमट पाण्याने त्याचं रक्त पुसत होती. त्याला राहवेना.

"झुझाना, मी तुझं वाटोळं केलं गं. प्रुइट मला बसायचे पैसे देत होता. मी नाही म्हटलं. आणि वर हरलोही."

तिने फडकं पिळलं.

"ठाऊक आहे. मेला आधी माझ्याकडेच आला होता, नवऱ्याला समजवा म्हणून."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चार परक्यांचे सदरे जन्मभर धुईन, पण बाकावर बसून आलेल्या नवऱ्याचा एकही धुणार नाही."